उत्तमरावांच्या जीपचं ताक

धाड गावचे उत्तमराव सेक्रेटरी चिडले, ही गावात बातमी नव्हती. ते रोजच चिडत. चहा गरम असला तर जीभ भाजली म्हणून चिडत, निवलेला असला तर बायकोवर चिडत, आणि अगदी बेताचा असला तर आज घरात आपल्यापासून काहीतरी लपवताहेत अशा संशयाने चिडत. सोसायटीच्या कचेरीत त्यांच्या टेबलापुढे उभं राहून कोणी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारल्याचं कुणाला आठवत नाही. पण मार्चमधल्या त्या सकाळी ते चिडले तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली, कारण त्यांच्या हातात जीपचं तेल मोजायची पट्टी होती आणि पट्टीवरून ताक ठिबकत होतं.

म्हणजे अगदी ताक नव्हे. पण इंजिनातलं तेल कसं असावं? नवं असताना मधासारखं आणि जुनं झालं की काजळासारखं. हे पांढरट होतं, दाटसर होतं, आणि वर बारीक फेस होता. उत्तमरावांनी ते नाकाशी नेलं, डोळ्यांशी नेलं, जिभेशी नेणार तेवढ्यात समोर माणसं उभी आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

“कोनं केलं हे?” त्यांनी विचारलं.

कशानं झालं, असं त्यांनी विचारलं नाही. उत्तमरावांच्या जगात गोष्टी आपोआप होत नसत, कोणीतरी त्या मुद्दाम करत असे आणि त्यांच्याच वाईटावर करत असे. हा स्वभाव जन्माचा होता आणि त्याच्यावर गावाने औषध शोधायचं कधीच सोडून दिलं होतं.

ही जीप त्यांनी सरकारी लिलावातून उचलली, त्याला फार दिवस झाले नव्हते. हौस म्हणून नव्हे. त्यांची मुलगी शरयू त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती आणि परीक्षेचं केंद्र बुलढाण्याला होतं. त्यांच्या घराण्यात मॅट्रिकला बसणारी ही पहिली मुलगी. तिला शाळेत ठेवायचं म्हणून उत्तमराव भावाशी भांडले, काकाशी भांडले, आणि संग्रामपूरच्या मेहुण्याशी तर असे भांडले की मेहुणा जेवणावरून उठून गेला. चिडका माणूस नेहमी वाईटच कामाला येतो असं नाही. पण मेहुणा गप्प बसला नव्हता. त्याने एक स्थळ पाहून ठेवलं होतं आणि निरोप पाठवला होता की पोरीचा एखादा जरी पेपर बुडाला, तर पुढच्या वर्षीची परीक्षा नाही, पुढच्या वर्षी लग्न. उत्तमरावांनी रागाच्या भरात “मंजूर” म्हणून उलट निरोप धाडला होता. आता शब्द गेला तो गेला.

पेपरला जायचे मार्ग दोन होते. एक एस्टी, पण एस्टीच्या कंडक्टरने उत्तमरावांना मागे कोंबड्यांच्या पाटीजवळ बसवलं होतं, तेव्हापासून त्यांनी लाल गाडीचं तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतली होती. दुसरा मार्ग म्हणजे शेजारचे किसनराव. त्यांची जीप रोज सकाळी बुलढाण्याला माणसं घेऊन जायची. पण किसनरावांच्या मोरीचं पाणी उत्तमरावांच्या भिंतीला लागायचं, आणि ज्या माणसाच्या मोरीचं पाणी आपल्या भिंतीला लागतं त्याच्या गाडीत आपली मुलगी बसणार नाही, हे उत्तमरावांनी भरबाजारात सांगितलं होतं. तिसरा मार्ग म्हणून ही जीप आली. बैलजोडी गोठ्यातून गेली आणि जीप गोठ्यात उभी राहिली.

लिलावात तिचा जुना ड्रायव्हर भेटला होता. जाता जाता तो म्हणाला होता, साहेब, रोज तेलपाणी करत जा, नातवंडं वापरतील ही गाडी. उत्तमरावांनी ते लक्षात ठेवलं. सकाळी त्यांना कचेरीची घाई, म्हणून त्यांनी बायकोला, शकुंतलाबाईंना गोठ्यात बोलावलं, बॉनेट वर करून दाखवलं आणि फर्मावलं, “रोज सकाळी गाडीचं तेलपाणी झालं पाह्यजे.” शकुंतलाबाईंनी त्यावर काहीतरी विचारलं. पण उत्तमराव त्या वेळी भिंतीपलीकडच्या किसनरावांना मोरी म्हणजे काय आणि ती कुठे असावी हे समजावून देत होते. मान न वळवता ते ओरडले, “आता हे बी मीच सांगू?” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शकुंतलाबाई निघून गेल्या.

बाई मात्र कामाला पक्की. तुळशीला पाणी, देवाला फूल, गाडीचं तेलपाणी आणि मग चूल, हा क्रम एक दिवस चुकला नाही. उत्तमराव निघताना पुढच्या रेडिएटरचं झाकण काढून पाहत. तो काठोकाठ भरलेला असे. तेलाची पट्टी काढून पाहत, तर तेल कालच्यापेक्षा वर. लोकांच्या गाड्या तेल पितात, उत्तमरावांच्या गाडीत तेल वाढत होतं. ही गोष्ट त्यांनी आठवडी बाजारात सांगितली, कचेरीत सांगितली, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना सांगितली. जातिवंत गाडी आहे, म्हणाले, ही तेल खात नाही, उलट साठवते. किसनरावांनी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, “गाभण असंल.”

आणि आता पट्टीवर ताक आलं. दुपारपर्यंत गावभर झालं की उत्तमरावांची जीप व्याली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कलाबाई रिकामा तांब्या घेऊन दारात आल्या आणि घरी कढी करायची आहे, थोडं मिळेल का म्हणाल्या. म्हातारी खरोखरच भोळी होती की तिला कोणी पाठवलं होतं, याचा उलगडा झाला नाही. उत्तमराव तिच्यावर असे ओरडले की तांब्या तिथेच राहिला.

बुलढाण्याहून उद्धव मिस्त्री आला. तो किसनरावांच्याच जीपने आला, हे उत्तमरावांना पहिल्याच क्षणी टोचलं. मिस्त्रीने बंद इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. मग सांगितलं की हेडचं पॅकिंग गेलं. इंजिनात तेल आणि पाणी शेजारी शेजारी राहतात, मधे पातळशी भिंत असते, ती गेली की एकाचं पाणी दुसऱ्याच्या घरात. हे उत्तमरावांना इतकं पटलं की त्यांनी भिंतीपलीकडे बघून “ऐका” असं म्हटलं. मग त्यांना शंका आली. पाणी रेडिएटरमधून तेलात जातं, तर रेडिएटर भरलेला कसा?

“थेच तं लक्षण हाय,” मिस्त्री म्हणाला.

“अन् रेडिएटर रिकामा असता तं?”

“मंग बी थेच लक्षण.”

उद्धव मिस्त्री हा खरं तर सरकारात मोठ्या हुद्द्यावर असायला हवा होता. कोणतीही गोष्ट समोर आली तरी आपलं आधीचं मत तिने सिद्धच होतं, ही कला त्याच्याकडे उपजत होती. त्याने हेड उतरवलं, पॅकिंग बदललं, नवं तेल भरलं, सगळा गोठा काळा केला आणि गाडी आता तुमच्या नातवंडांनाही पुरेल असं सांगून गेला. जो तो यांच्या नातवंडांची काळजी करत होता. इथे मुलीचा पेपर पंधरवड्यावर आला होता.

आठवड्याच्या आत तेल पुन्हा वर चढलं आणि पुन्हा पांढरं झालं.

मग सल्ल्यांचा पूर आला. सरपंच उकंडराव खाटेवर बसून म्हणाले की गोठ्यात ओल आहे, बैलांच्या खुरांनी जमीन भिजलेली, ती ओल चाकांतून वर चढते. उत्तमराव म्हणाले, चाकं रबराची आहेत. उकंडराव म्हणाले, म्हणून तर हळू चढते. कोणी म्हणालं, गाडी लिलावाची, आधी कुठल्या नदीत बुडाली असेल, ते पाणी अजून निघतंय. कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. हायस्कुलातल्या एका मास्तरांनी हवेतल्या वाफेचं पाणी कसं होतं ते खडूने बॉनेटवर काढून दाखवलं, आणि खडू पुसला तरी तो बाण पुढे कित्येक दिवस दिसत राहिला. प्रत्येकाने पट्टी काढून पाहिली, प्रत्येकाने ती उत्तमरावांच्या धोतराजवळ झटकली. या माणसांनी उत्तमरावांचा संताप संताप झाला. मदतीला आलेल्या माणसाला हाकलता येत नाही, आणि ही सगळी मदतीलाच आली होती.

घरात शरयू मोठ्याने पाठ करत बसलेली असे. पहिला पेपर मराठीचा. आईवडील म्हणजे आई आणि वडील, इतरेतर द्वंद्व. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर वगैरे, समाहार द्वंद्व. भाजीपाला म्हणजे भाजी, पाला वगैरे. हे ऐकत ऐकत उत्तमराव अंगणात येरझारा घालत आणि त्या वगैरेवरही चिडत. एकदा शरयू हळूच म्हणाली की बाबा, मी आपली एस्टीनं जाते. त्यावर त्यांनी असं पाहिलं की तिने पुढचा समास सुरू केला. शकुंतलाबाई रोज सकाळी उठत, तुळस, देव, तेलपाणी आणि चूल.

शेवटी उत्तमरावांना गुन्हेगार सापडला. तेल विकणारा. बुलढाण्याच्या ज्या दुकानातून डबा आणला, त्यानेच तेलात पाणी घातलं असणार. ते डबा घेऊन, एका ट्रकवाल्याला हात दाखवून, दुकानात गेले. दुकानदाराने डब्यातलं तेल काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरलं. तेल स्वच्छ होतं. उत्तमराव म्हणाले, हे वरचं आहे, पाणी खाली असतं. दुकानदाराने सगळा डबा ओतला. सगळं स्वच्छ होतं. याने तर उत्तमराव जास्तच भडकले, कारण खोटं ठरण्याइतकी दुसरी चीड आणणारी गोष्ट नाही, आणि ते तिथून थेट तहसील कचेरीत गेले. एका शिशीत जीपमधलं ताक बरोबर होतंच.

कचेरीत त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्यात आलं. स्वतः सेक्रेटरी असल्याने लोकांना टेबलावरून टेबलाकडे पाठवणं ही काय मजा असते हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या बाजूने ती कशी लागते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. अखेरच्या टेबलावर चष्म्याचे एक कारकून होते. त्यांनी शिशी उजेडात धरून हलवली.

“भेसळीची तक्रार म्हणता. हे तेल कोणी खाल्लं का?”

“माझ्या इंजिनानं.”

“माणसानं खाल्लं तरच आमच्याकडं येतं. नाही तर तुम्ही दूध म्हणून लिहून द्या. दुधात पाणी असेल तर आपण कारवाई करू.”

“दूध नाही ते. फार तं ताकासारखं दिसते.”

“ताकात पाणी असतंच हो,” कारकून म्हणाले आणि शिशी परत दिली. “तो गुन्हा नाही.”

उत्तमराव कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. या देशात स्वराज्य आलं, नवं राज्य झालं, दुधातल्या पाण्यासाठी कायदा झाला, आणि एका मुलीच्या बापाच्या जीपमधलं पाणी कोणाच्याच टेबलावर बसत नाही. हे सगळं ते पायऱ्यांवर मोठ्याने बोलले. खाली लोकांचे अर्ज लिहून देत बसलेल्या अर्जनविसांनी मान वर करून ऐकलं आणि पुन्हा खाली घातली. आणि त्याच वेळी त्यांनी पाहिलं की समोर रस्त्यावर किसनराव आपल्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत आणि हसताहेत. किसनराव बहुधा पानवाल्याशी हसत होते. पण उत्तमरावांच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. मोरीचं पाणी. ज्याला भिंतीतून पाणी घालता येतं, त्याला इंजिनात घालायला काय अवघड. जीप बंद पडली की शरयूला आपल्याच गाडीत बसावं लागेल आणि उत्तमरावांची मान खाली जाईल. कट पुरता उघडा झाला होता, आणि इतके दिवस तो आपल्याला दिसला नाही म्हणून उत्तमराव स्वतःवरही थोडे चिडले.

पोलीस चौकीत निवृत्ती हवालदार होते. शांत माणूस, पण कायद्याला पक्का. ते म्हणाले, नुसत्या संशयावर काही होत नाही, माणूस रंगेहाथ सापडला पाहिजे आणि पंच पाहिजेत. उत्तमरावांनी पंच म्हणून सरपंच उकंडरावांना तयार केलं. मग पेपरच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने जीपमधलं सगळं ताक काढून टाकलं आणि नवं, दुकानदाराने डोळ्यांदेखत गाळून दिलेलं तेल भरलं. आता जर पाणी आलं, तर ते कोणीतरी आणून घातलेलंच. हल्ला केव्हा होणार हेही त्यांनी ओळखलं होतं. ज्या दिवशी पहिला पेपर, त्या दिवशी पहाटे.

तर त्या दिवशी, तांबडं फुटायच्या सुमाराला, गोठ्यात कडब्याच्या गंजीमागे तीन मोठी माणसं बसली होती. हवालदारांना कडब्याची खाज येत होती आणि ती सरकारी कपड्यांत खाजवायची की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. उकंडराव ओलीविषयी पुन्हा काही सांगू पाहत होते. उत्तमरावांनी दोघांनाही हाताने दाबून खाली बसवलं होतं. त्यांचे डोळे भिंतीवर लागले होते, कारण किसनराव भिंतीवरूनच येणार होते.

पावलं वाजली. पण ती भिंतीकडून नव्हे, अंगणातून आली.

शकुंतलाबाई आल्या. न्हालेल्या, हातात पूजेचं ताम्हण. ताम्हणात एक वाटी, एक पळी, एक पेला आणि कुंकवाचा करंडा. त्यांनी ताम्हण जमिनीवर ठेवलं, बॉनेटचे दोन्ही आकडे सरावाने काढले, बॉनेट वर केलं, तेलाच्या नळीवरचं झाकण पट्टीसकट उपसून बाजूला ठेवलं. मग वाटीतून पळीभर तेल घेतलं आणि नळीत सोडलं. मग पेला उचलला आणि तुळशीला घालतात तशी, बारीक धार धरून, पेलाभर पाणी त्याच नळीत सोडलं. झाकण बसवलं. पुढे येऊन जीपच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं आणि हात जोडले.

उत्तमराव कडब्यातून असे बाहेर आले की निम्मी गंज त्यांच्याबरोबर आली.

“काय करून राह्यली तू हे?”

शकुंतलाबाई दचकल्या. नवऱ्यामागून सरपंच आले, सरपंचांमागून पोलीस आला. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि मग, कमाल म्हणजे, त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

“तेलपाणी.”

उत्तमरावांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना एका दमात इतकं बोलायचं होतं की एकही शब्द बाहेर येईना. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून भिंतीवर किसनरावांचं डोकं आलं, त्यांच्या बाजूला त्यांची बायको रुख्मिणी आली, दारात शरयू आली, शरयूच्या मागे तांब्या न्यायला आलेल्या कलाबाई आल्या. सगळ्यांनी ताम्हण पाहिलं, पेला पाहिला, उघडं बॉनेट पाहिलं. समजायला कोणाला वेळ लागला नाही.

निवृत्ती हवालदारांनी घसा साफ केला. बोलावलं आहे, पंच हजर आहेत, तर पंचनामा झाला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“बाई, हे पाणी तुमी आपल्या मनानं टाकलं का कोणी टाकाले सांगतलं?”

“सांगतलं होतं.”

“कोणी?”

शकुंतलाबाई गप्प झाल्या. हवालदारांनी पुन्हा विचारलं. उत्तमराव म्हणाले, लिहा माझं नाव अन् आटपा. पण हवालदार कायद्याला पक्के होते. म्हणाले, साक्षीदाराच्या तोंडून नाव आलं पाहिजे, तुमच्या तोंडून येऊन उपयोग नाही. आणि साक्षीदाराची पंचाईत ही की लग्न झाल्यापासून तिने ते नाव असं नुसतं कधी घेतलंच नव्हतं. घरच्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायची एकच रीत असते. रुख्मिणी भिंतीवरून म्हणाली, “घ्या ना वो बाई नाव, आडून काऊन राह्यल्या?” कलाबाईंनीही आग्रह केला, जणू हळदीकुंकूच चाललं होतं. शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात नाव घेतलं.

“पळीभर टाकलं तेल, वर पेलाभर पाणी,
उत्तमरावांच्या हुकुमाले उलटं इचारलं नाही कोणी.”

भिंतीपलीकडून कोणीतरी वा म्हणालं. हवालदारांनी हे सगळं लिहून घ्यावं की फक्त नाव, याचा विचार केला आणि फक्त नाव लिहिलं.

“इचारलं नाही काऊन?” उत्तमराव ओरडले. “कुठं टाकू, कोन्त्या तोंडात टाकू, एक शब्द इचारता येत नाही?”

“इचारलं होतं,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “तेल कोन्तीकडं अन् पाणी कोन्तीकडं, हेच इचारलं होतं पयल्या दिवशी. तुम्ही म्हणले, आता हे बी मीच सांगू? मंग म्हटलं, दोन्ही एकातच असंल. अन् गाडी तापून राह्यली म्हणत होते तुम्ही, म्हणून मागच्या आठोड्यापासून पेला मोठा घेतला.”

उत्तमरावांचं ते वाक्य भिंतीपलीकडे सगळ्यांनीच त्या दिवशी ऐकलं होतं. त्यामुळे त्याला वेगळ्या पंचांची गरज उरली नाही. उत्तमरावांनी जीपकडे पाहिलं. जीपच्या कपाळावर कुंकू होतं, बॉनेटवर मास्तरांचा बाण होता, आणि आत इंजिनाला ताजं पाणी पाजलेलं होतं. ती चालू केली तर काय होईल हे आता त्यांना मिस्त्रीशिवाय कळत होतं. त्यांना रडू यावं इतका राग आला, आणि वाईट म्हणजे तो राग कुठे ठेवावा हे कळेना. इतके दिवस तो मिस्त्रीवर ठेवला, दुकानदारावर ठेवला, कारकुनावर ठेवला, किसनरावांवर ठेवला. आता सगळीकडून तो परत आला होता.

शरयू दारात उभी होती. पांढरं पातळ, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, छातीशी धरलेला पुठ्ठा आणि पेन. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं. पहिली एस्टी अंधारातच गेली होती आणि दुसरी पेपर सुरू झाल्यावर पोचायची.

भिंतीपलीकडे किसनराव खाली उतरले आणि त्यांच्या जीपचं इंजिन सुरू झालं. काळं, खरखरीत, निरोगी इंजिन. माणसं चढू लागली.

उत्तमराव अंगावरचा कडबा तसाच घेऊन फाटकाबाहेर गेले. गल्ली बाजूला झाली. ज्याला पकडायला त्यांनी पोलीस आणून बसवला होता, त्या माणसाच्या गाडीशी जाऊन ते उभे राहिले. संग्रामपूरचा मेहुणा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, त्याने पाहून ठेवलेलं स्थळ डोळ्यांपुढे आलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना प्रश्न विचारू दिले नव्हते, आणि आता एक प्रश्न विचारायची पाळी त्यांच्या स्वतःवर आली होती.

“किसनराव, जागा हाय का?”

किसनरावांनी चाकावरचा हात काढला. त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं, त्यांच्या टोपीत अडकलेल्या काडीकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाले, “आता हे बी मीच सांगू?”

सगळी गल्ली हसली. उत्तमरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण किसनरावांनी तोवर पुढच्या सीटवरची दोन माणसं उठवून मागे धाडली होती आणि फडक्याने सीट पुसली होती. ती सीट शरयूसाठी आधीच ठरलेली होती, हे उत्तमरावांना फार दिवसांनी कळलं. शकुंतलाबाईंनी रुख्मिणीजवळ आदल्या दिवशीच शब्द टाकून ठेवला होता. त्यावर उत्तमराव चिडलेच.

शरयू पुढे बसली. उत्तमराव मागे बसले, एका बाजूला भाजीची पोती आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना सीटवरून उठवलं ती दोन माणसं. गाडी धाडबाहेर पडली. शेतांवर ऊन यायला लागलं होतं. जिथून रात्री बुलढाण्याचे दिवे दिसत ते वळण आलं तेव्हा शरयूने मान वळवली.

“बाबा, एक इचारू?”

उत्तमरावांच्या ओठांवर ते ठेवणीतलं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गाडीतली सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

“इचार,” ते म्हणाले.

“तेलपाणी म्हणजे तेल आणि पाणी, का तेल, पाणी वगैरे? इतरेतर का समाहार?”

उत्तमरावांनी खूप विचार केला. पोरगी थट्टा करते आहे की खरंच अडली आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले की द्वंद्व आहे एवढं नक्की.

“द्वंद्व तं हायेच,” शरयू म्हणाली. “पण कोन्तं?”

“घरातलं,” किसनराव पुढे पाहतच म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

उत्तमराव मनस्वी चिडले. पण गाडी किसनरावांची होती आणि पेपरला अजून वेळ होता, म्हणून ते मागे सरकत जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत गप्प बसून राहिले.